आप्पांना ऐकू येणारी अकरा गाणी

ती गाणी माझी नव्हती. माझ्या आधी त्या कॉम्प्युटरवर जो कुणी बसायचा, त्याची होती.

सासरहून कायमची परत आल्यावर तिसऱ्या महिन्यात मला सुरतेच्या रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात डिझायनरची नोकरी लागली. डिझायनर हा शब्द मोठा आहे. काम एवढंच की साडीवर छापायची फुलं-पानं कॉम्प्युटरवर काढायची, त्यांचे रंग एकेक करून सुटे करायचे आणि शेठला जांभळा आवडला नाही तर त्याचा मोरपंखी करून द्यायचा. चौथ्या मजल्यावर बिनखिडकीची खोली, सहा टेबलं, आणि सहाही जणांच्या कानात आपापलं काहीतरी चालू. माझ्या कॉम्प्युटरवर आधीच्या माणसाची जुनी डिझाइनं तशीच पडून होती. त्यांच्यात एक फोल्डर सापडलं. आत अकरा गाणी. नावं नाहीत, नुसते आकडे.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, पुढे गुजराती कॉलेजात. इंग्रजी वाचता येतं, गाण्यातलं कळत नाही. तरी पहिलं गाणं लावलं. सुरुवातीला नुसता ड्रम. मग खालच्या पट्टीतली गिटार, आणि मग एक माणूस, कुणीतरी झोपेतून उठवून गायला बसवल्यासारखा. काय म्हणतोय ते कळेना. पण तो मला समजावत नव्हता. त्या दिवसांत भेटेल तो मला समजावत होता. मामा, मावशा, गल्लीतल्या बायका. थोडं सहन करायला पाहिजे होतं, दोन वर्षांत कुणी असं परत येतं का, अजून वय गेलं नाही. ह्या माणसाला माझ्याकडून काही नको होतं. तो पाऊण तास आपलं दुखणं घेऊन बसायचा आणि संपला की संपायचा. अकरावं गाणं झालं की मी परत पहिल्यावर यायचे.

शेजारच्या टेबलावर ओडिशाचा एक सहकारी होता. त्याने एकदा माझ्या इअरफोनमधून येणारा आवाज ओळखला आणि हिंदीत म्हणाला, "अरे, तुम ये सुनती हो?" त्याच्याकडून कळलं की हा एक अमेरिकन बँड आहे, अशा गाण्यांना अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात, आणि हा त्यांचा दुसरा स्टुडिओ अल्बम आहे.

"स्टुडिओ म्हणजे?"

"म्हणजे स्टेजवर लोकांसमोर नाही. बंद खोलीत बसून केलेला."

"मग आपल्यासारखाच," मी म्हटलं. परत आल्यापासून बहुतेक तेव्हा मी पहिल्यांदा हसले असेन.

आमचं घर लिंबायतमध्ये होतं. खालच्या मजल्यावर पुढे-मागे दोन खोल्या आणि मागच्या खोलीपलीकडे, पत्र्याखाली, भांडी-कपड्यांची मोरी. आप्पा, म्हणजे माझे वडील, नंदुरबारकडच्या खेड्यातून लग्नाच्या वर्षीच इकडे आले आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. एका खात्यात तीस-चाळीस मशीन, आणि प्रत्येक मशीन मिनिटाला शंभरच्या वर ठोके मारणार. आप्पांनी तीसेक वर्षं त्या आवाजात काढली. मी लहान असताना ते थोडं मोठ्याने बोलायचे, एवढंच. मी कॉलेजात गेले तोवर दुसऱ्याचं निम्मं ऐकू येईनासं झालं होतं. शेठने जुनी मशीनं भंगारात विकून पाण्याच्या झोताने धागा फेकणारी नवी घेतली आणि आप्पा घरी बसले, तेव्हा त्यांना माझं किंवा मायचं बोलणं ऐकूच येत नव्हतं.

आम्ही आईला माय म्हणतो. माय घरात अहिराणीच बोलायची. दिवसभर ती साड्यांचे सुटलेले धागे कापायचं काम करायची. बाजारातून गठ्ठा यायचा, माय दारात बसून बारीक कात्रीने एकेक धागा छाटायची आणि बोलत राहायची. गावाकडे कोण वारलं, कुणाच्या मुलीचं ठरलं, शेजारणीने पाणी कसं वाया घालवलं. आप्पा समोर खाटेवर. त्यांना त्यातलं काही पोचत नसे, आणि मायला ते माहीत होतं. तरी ती बोलायची. मधूनच थांबून म्हणायची, "मी भितडासंगे बोली ऱ्हायनू." मी भिंतीशी बोलतेय.

मला दोघांचं वाईट वाटायचं, पण जास्त राग यायचा. एक घर मोडून परत आलेल्या मुलीने घरात हेच बघायचं का? मी आले तेव्हा आप्पांनी काही विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बॅग उचलून आत ठेवली आणि पंखा लावला. त्यांना विचारता आलं नसतं असं नाही. बोलता तर येत होतं. पण उत्तर ऐकू येणार नाही म्हणून त्यांनी प्रश्न विचारायचं सोडून दिलं होतं.

एका रविवारी सकाळी मी ती गाणी मोबाईलवर घेऊन छोट्या स्पीकरवर लावली होती. आप्पा खाटेवर पडले होते. मला केर काढायचा होता म्हणून मी स्पीकर उचलून खाटेच्या लाकडी कडेवर ठेवला. दुसरं गाणं चालू होतं, त्यात ड्रम आणि जाड तारांची गिटार बरोबर चालतात. आप्पा एकदम उठून बसले.

"हाई मशीन कोन चालाडी ऱ्हायना?"

मशीन कोण चालवतंय? मला वाटलं भास झाला. त्यांच्या कानात असाही सारखा खात्याचा आवाज असायचा, बंद पडलेल्या मशीनचा. मी स्पीकर दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, मग कानाशी नाही, कानाच्या मागच्या हाडाशी धरला. मी बंद करायला हात पुढे केला.

"बंद नको करू," ते म्हणाले.

पुढे मी वाचलं की मशीनच्या आवाजाने कान जातात ते वरच्या पट्टीपासून. बायकांचा, मुलांचा आवाज आधी जातो, चिमण्यांचा जातो, शब्दांच्या कडा जातात. जाड, खालचे आवाज शेवटपर्यंत राहतात. म्हणजे तीस वर्षं रोज त्यांच्यासाठी डबा बांधणाऱ्या बाईचा आवाज आधी गेला, आणि कधी न बघितलेल्या देशातल्या चौघांचा ढोल शिल्लक राहिला. ह्याला कुणी काय करणार?

त्या दिवशी आप्पांनी अकराही गाणी ऐकली. ऐकली म्हणजे गाणाऱ्याचा आवाज त्यांना लागतच नव्हता, फक्त ड्रम आणि ती जाड गिटार. पण मला ते कित्येक वर्षांत तसे दिसले नव्हते. मान हलकी हलत होती, डोळे मिटलेले. चौथ्या गाण्यात ड्रमवाला मधेच थांबतो आणि परत बरोबर जागेवर येतो. तिथे ते खुशीत म्हणाले, "कारीगर चांगला शे. धागा तुटू देत नही."

"अमेरिकेचा आहे," मी तोंडासमोर तोंड आणून, ओठ मोठे करून सांगितलं.

"तठे बी खातं शे का?"

तिथेही खातं आहे का? मी हो म्हटलं. कदाचित असेलही. त्या अल्बमच्या चित्रात एक रिकामी, काळपट इमारत होती, काचा फुटलेली.

मग दर रविवारी तेच. आप्पा स्वतःहून स्पीकर खाटेवर आणून ठेवायचे आणि माझी वाट बघायचे. आम्ही बोलायलाही लागलो. ते विचारायचे, ह्या गाण्यात तो काय म्हणतो? मी मोबाईलवर शब्द शोधून, जमेल तसा अर्थ लावून एका वहीत मोठ्या अक्षरात लिहून दाखवायचे. एक गाणं घर सोडून गेलेल्या भावावर होतं, एक नुसतं झोप न येण्यावर. सहाव्या गाण्याचा मला लागला तो अर्थ मी लिहिला: तो म्हणतो की मी परत आलोय आणि कुणी दार उघडत नाही. आप्पांनी ते वाचलं, वही मांडीवर ठेवली. मग विचारलं, "ते लोक मारत होते का तुला?"

मी आले त्याला आठ महिने झाले होते. मी मान हलवली. हो.

"आधीच सांगायचंस मला," ते म्हणाले. मी कसं सांगणार होते, फोनवर त्यांना काय ऐकू येणार होतं, हे मी बोलले नाही.

मायला हे सगळं आवडत नव्हतं. आधी मला वाटलं की आवाजाचा त्रास होतोय. धागे कापताना ती कपाळाला आठ्या घालून बसायची, मधेच कात्री आपटायची. एका रविवारी मी हसत हसत तिला म्हटलं, "बघ माय, आप्पांना ऐकू येतं." ती माझ्यावर एवढी चिडली की मला धक्का बसला.

"तीस वरीस मन्ही हाक ऐकू नही उनी," ती म्हणाली. "आते या गोरासना ढोल बरा ऐकू येस!"

ते बोलताना तिचा आवाज फाटला. आप्पा तिच्याकडे बघत होते, पण ती मान खाली घालून बोलली होती, त्यांना ओठ दिसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, आवाज कमी करा म्हणतेय.

हे मी खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर पुढचं वेगळं झालं असतं असं नाही, पण ते माझ्याकडून झालं, हे मला लिहायला हवं.

आवाजाचा त्रास होतो असं म्हटल्यावर त्यावर उपायही मलाच करावा लागला. ऑफिसमध्ये कान पूर्ण झाकणारे जुने हेडफोन पडून होते, ते मी विचारून घरी आणले. माझा जुना मोबाईल आप्पांना दिला, त्याच्या पडद्यावर बाकी सगळं काढून एकच चौकोन ठेवला: दाबला की पहिलं गाणं सुरू, अकरावं संपलं की आपोआप परत पहिलं. आता घरात शांतता झाली. आप्पांना रविवारची वाट बघायची गरज राहिली नाही. मी ऑफिसात असताना, दुपारी जेवण झालं की ते खाटेवर पडायचे, हेडफोन चढवायचे आणि डोळे मिटून अकराही गाणी ऐकायचे. माय म्हणायची, "आता तर समोर असून नसल्यासारखे." पण तीही थोडी निवळली होती. एकदा तिने स्वतः हेडफोनच्या फाटलेल्या गादीला साडीचा तुकडा शिवून दिला, गुलाबी रंगाचा. आप्पांना तसाच गुलाबी कान लावून बसलेलं बघून आम्ही दोघी हसलो होतो.

ती थंडी संपत आल्याचे दिवस होते. दुपारी सव्वातीनच्या सुमाराला मला ऑफिसात शेजारच्या वहिनींचा फोन आला. त्या मूळच्या अकोल्याकडच्या, आमच्या मोरीला लागून त्यांची मोरी. म्हणाल्या, "तू लगेच ये. काकू पडल्या आहेत. बोलत नाहीयेत."

मी पोचेपर्यंत वहिनींनी आणि गल्लीतल्या दोघांनी मायला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. मायला लकवा मारला होता. उजवा हात, उजवा पाय, आणि जीभ. भांडी घासताना ती खाली बसली असणार आणि तशीच कलंडली. नळ चालू राहिला. वाहून आलेलं पाणी वहिनींच्या बाजूला साचलं तेव्हा त्या भांडायला म्हणून आल्या आणि त्यांनी बघितलं. मायचा डावा हात बादलीवर होता. तिने बादली आपटली असणार, कारण बादलीची कड फुटलेली होती.

आप्पा दवाखान्यात भिंतीला टेकून उभे होते. हेडफोन त्यांच्या गळ्यातच होते, काढायचं राहून गेलेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "हे किती वाजता झालं?" वहिनींना माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले की वेळ कळणं फार गरजेचं आहे, काही औषधं ठरावीक वेळेतच देता येतात. मी आप्पांकडे वळले. ओठ मोठे करून विचारलं, माय कधी गेली मोरीत? तुम्ही गाणी लावलीत तेव्हा ती कुठे होती?

"ताट उचलून मागे गेली," ते म्हणाले. "मग मी लावलं."

"किती वेळ झाला?"

त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं वर केली. डॉक्टरांना वाटलं, दोन वाजता. पण मला कळलं. दोनदा. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत, आणि परत पहिल्यापासून अकराव्यापर्यंत.

"दीड तास," मी डॉक्टरांना सांगितलं. "दीड तासाच्या थोडं वर." त्यात मोरीतून दवाखान्यात आणायचा वेळ मिळवावा लागला. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि नर्सला काहीतरी सांगितलं. औषध दिलं गेलं. लवकर आणलं असतं तर फरक पडला असता का, हे मी दोन दिवसांनी विचारलं. ते म्हणाले, कदाचित. प्रत्येकाचं वेगळं असतं.

मी स्वतःला एकच गोष्ट सांगत राहिले, आणि आप्पांनाही. हेडफोन नसते तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं. ती बादली आपटत होती, हाक मारायचा प्रयत्न करत होती, पण तुम्हाला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी वहीत लिहिलं, तेही मोठ्या अक्षरात. दवाखान्याच्या बाकावर बसून आप्पांनी ते वाचलं.

"ऐकू आलं नसतं," ते म्हणाले. "पण दिसलं असतं."

बहिरा माणूस डोळ्यांवर जगतो. खाटेवर बसल्या बसल्या मागच्या दारातून मोरीचा कोपरा दिसायचा. आप्पांची नजर दिवसभर तिकडे जा-ये करायची; मायने हात वर केला की पाणी आणून द्यायचे, तिने पदर खोचला की गठ्ठा उचलायला उठायचे. फक्त गाणी ऐकताना ते डोळे मिटायचे. हे मला माहीत होतं. मला ते बघायला आवडायचं.

तीन आठवड्यांनी माय घरी आली. तिला सगळं ऐकू येत होतं, पण बोलता येत नव्हतं. तोंडातून एकच आवाज यायचा, आणि तोही बारीक. आप्पांच्या कानांसाठी त्याचा काही उपयोग नव्हता. मी नोकरी सोडायला निघाले होते. आप्पांनी सोडू दिली नाही. मायला उठवणं, भरवणं, कूस बदलणं, तिची अंघोळ, सगळं ते करायला लागले. पुढची खाट मायला दिली आणि स्वतः खाली, तिच्या तोंडासमोर बसायला लागले.

खात्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथले कारीगर हातांनी बोलतात. बोटं मोडल्यासारखं केलं की धागा तुटला, अंगठा तोंडाशी नेला की चहा, मिशीला पीळ दिला की शेठ आला. आप्पांनी मायला ते एका हाताने शिकवायला घेतलं. पहिले पंधरा दिवस तिने हात उचललाच नाही. ते खुणा करायचे आणि ती भिंतीकडे बघायची. मला वाटायचं, आता ती सूड घेतेय. मग एका सकाळी तिने अंगठा तोंडाशी नेला. आप्पा एवढ्या घाईने चहा टाकायला उठले की दूध उतू गेलं. त्यानंतर दोघांत थोडंफार चालायला लागलं. पाणी, दुखतंय, पंखा, पोरगी आली का. त्यापलीकडचं सांगायला खात्यात खूणच नव्हती. रागावलेय, माफ केलं, तू का नाही आलास, असलं मशीनवर कुणाला कशाला लागणार?

हेडफोन मी कपाटात सगळ्यात वर टाकले होते. पाचव्या महिन्यात एका रविवारी मायने डाव्या हाताने कपाट दाखवलं. मला वाटलं साडी हवी. साडी दाखवली, तिने मान हलवली. औषध? नाही. मग तिने हात कानावर ठेवला.

मी आप्पांकडे बघितलं. ते उंबऱ्यात भाजी निवडत होते, त्यांनी ते पाहिलं होतं. मी हेडफोन काढले, पुसले आणि तिच्या डोक्यावर बसवले. कुठलं गाणं लावावं कळेना. सगळ्यात संथ होतं ते आठवं लावलं, त्यात ड्रम जवळजवळ नाहीच, तो माणूसच जास्त गातो. माय छताकडे बघत ऐकत होती. डोळे उघडे. अर्धा चेहरा हलत नव्हता आणि उरलेल्या अर्ध्यावरून मला काही समजत नव्हतं. गाणं बरंच लांब आहे. तिने ते पूर्ण ऐकलं. मग डाव्या हाताने हेडफोन ओढून काढले आणि आप्पांच्या दिशेने धरले. तिने हात खाली घेतला नाही.

घे, असं ती म्हणत होती. पण कसं म्हणत होती? घे, ऐक, माझं काही म्हणणं नाही, असं? की घे, हेच ना ते तुझं? मी तिच्या इतकी जवळ होते, तरी मला ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

आप्पांनी ते घेतले नाहीत. ते उठले, भाजीचं ताट आत ठेवून आले आणि तिचा हात धरून खाली केला. हेडफोन मी उचलले.

दिवाळीच्या आधी माय गेली. दुसरा झटका आला, आणि ह्या वेळी आप्पा समोरच बसलेले होते. त्यांनी लगेच शेजारी धावत जाऊन माणसं आणली, दहा मिनिटांत रिक्षा निघाली. तरी ती वाचली नाही. मला वाटलं होतं, निदान ह्याने त्यांचं मन थोडं हलकं होईल. तसं काही झालं नाही.

आम्ही लिंबायतची खोली सोडली आणि गोडादऱ्याला पहिल्या मजल्यावर राहायला आलो. मी त्याच ऑफिसात आहे. कॉम्प्युटर बदलला, तो फोल्डर गेला, मी परत घेतला नाही. मोबाईलवर तो अल्बम एकदाच लावून बघितला, बसमध्ये, घरी येताना. तिसऱ्या गाण्यापर्यंत ऐकला. त्या माणसाचं दुखणं तेव्हा मला परक्याचं वाटलं, आणि आपण कधीकाळी ह्याच्या आधाराने दिवस काढले ह्याचं नवल वाटलं. ओडिशाच्या सहकाऱ्याने सांगितलं की त्या बँडने नवीन अल्बम काढला आहे, चांगला आहे. मी म्हटलं, ऐकीन कधीतरी.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागात कानांच्या तपासणीचं शिबिर होतं. योग्य वाटलं तर यंत्र देणार होते. मी आप्पांच्या मागे लागून त्यांना घेऊन गेले. तपासणारी मुलगी तरुण, गुजराती, फार गोड बोलणारी. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवायला घेतले आणि हाताने दाखवत म्हणाली, "काका, आंखो बंध करो. आवाज आला की बोट वर करायचं."

आप्पांनी डोळे मिटले नाहीत. तिने परत सांगितलं. मग म्हणाली, बरं, निदान भिंतीकडे तोंड करून बसा. आप्पांनी दोन्ही हातांनी हेडफोन काढले, तारेची घडी नीट करून तिच्या टेबलावर ठेवले आणि उठले. मी तिची माफी मागितली आणि त्यांच्या मागे गेले.

रस्त्यावर मला राहवलं नाही. मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि ओरडून विचारलं, का नाही करून घेतलं? अर्ध्या तासाचं काम होतं. यंत्र मिळालं असतं.

"मला आता काही ऐकायचं नाही," आप्पा म्हणाले.

"पण मला बोलायचंय!" मी ओरडले. भाजीच्या हातगाडीशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. "दिवसभर ऑफिसात कुणाशी बोलत नाही, घरी आले की तुम्ही. मी कुणाशी बोलायचं? सांगा ना, कुणाशी बोलायचं मी?"

त्यांना किती कळलं माहीत नाही. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले, शेजारची जागा हाताने झाडली आणि मान वर करून म्हणाले, "बोल."

मी बसले. मला रडू येत होतं, आणि काय बोलायचं ते सुचत नव्हतं. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, पण ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा करून त्यातलं काय सांगायचं? ते थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

"संध्याकाळी भेंडी करू का?" मी शेवटी विचारलं.

"कर," आप्पा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "अजून बोल."